हान्स की हायब्रिड : मानेच्या रक्षणासाठी कोणते साधन घ्यावे?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून हौशी मोटार-शर्यतींत उतरणाऱ्या तरुणांनी हेल्मेटइतकाच मानेचाही विचार करायला हवा. समोरून धडक बसली की पट्ट्यांनी बांधलेले धड थांबते, पण हेल्मेटच्या वजनासह डोके पुढे झेपावते आणि कवटीच्या तळाशी प्राणघातक ताण येतो. फोमची गळपट्टी तो ताण रोखू शकत नाही.

रॉबर्ट हबर्ड आणि जिम डाउनिंग यांनी विकसित केलेले आणि २००३ पासून फॉर्म्युला वनमध्ये सक्तीचे झालेले हान्स, म्हणजे हेल्मेटला जोडून डोके पुढे झेपावण्यापासून रोखणारे साधन, चालकाच्या खांद्यांवर, आसनाच्या पट्ट्यांखाली दाबून धरलेले असते. त्यामुळे त्या पट्ट्या घट्ट आणि योग्य कोनात असणे अत्यावश्यक ठरते. तिरप्या धडकेत पट्टा घसरला, तर आधारच डळमळतो. सिम्पसन कंपनीचे हायब्रिड हे त्याच कामाचे साधन छातीभोवतीच्या स्वतःच्या पट्ट्यांनीही अंगाला बांधलेले असल्याने सहसा जागा सोडत नाही. घालायला मात्र हान्स अधिक सोपे.

खानापूरकडच्या तांबड्या मातीसारख्या निसरड्या पृष्ठभागावर गाडी आडवी सरकते, म्हणून मी हायब्रिडच निवडेन. एफआयए (आंतरराष्ट्रीय मोटार-क्रीडा महासंघ) ८८५८ किंवा एसएफआय (अमेरिकी सुरक्षा-मानक संस्था) ३८.१ हे प्रमाणचिन्ह नसलेले साधन कितीही स्वस्त मिळाले, तरी कृपा करून घेऊ नये.