पायडँटिक: ओळ ११८ दाखवणारी लायब्ररी

नाशिकला गंगापूर रोडवर आमचं दोन टेबलांचं ऑफिस आहे. तिथे बसून मी द्राक्षाच्या पॅकहाऊससाठी सॉफ्टवेअर लिहिते. जानेवारी ते एप्रिल हा आमचा सीझन. बागेतून माल येतो, निवड होते, साडेचार किलोच्या पेट्या भरतात, प्रीकूलिंग होतं आणि कंटेनर न्हावा शेवाला निघतो. कुठल्या प्लॉटचा माल कुठल्या पेटीत गेला याची नोंद एक्सेलमध्ये येते, आणि ती फाइल माझा प्रोग्राम वाचतो. गेले दोन सीझन हे वाचन मी पायडँटिकवर सोपवलं आहे. पायथन ही माझी प्रोग्रामिंगची भाषा, आणि पायडँटिक ही तिची लायब्ररी, म्हणजे आलेली माहिती तपासणारा तयार कोड. तिच्या वेगाबद्दल बरंच लिहून झालंय. मला लिहायचंय ते एवढ्याचबद्दल, की आलेली माहिती चुकीची निघाली तर ही लायब्ररी ते कसं सांगते.

त्याआधी मी वेगळी लायब्ररी वापरत होते. तिचं नाव घेत नाही. फेब्रुवारीतली संध्याकाळ होती, कंटेनर दाराशी लागलेला, आणि पिंपळगाव बसवंतहून मुनीमकाकांचा फोन आला.

"ताई, फाइल चढत नाही. लाल पट्टी येतेय."

"पट्टीवर काय लिहिलंय काका?"

"इनव्हॅलिड डेटा."

"अजून काही?"

"नाही, एवढंच."

फाइलमध्ये १,८४० ओळी होत्या. काकांनी ती व्हॉट्सॲपवर पाठवली, मी ऑफिसात बसून वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, काही सापडेना. शेवटी गाडी काढली आणि आडगाव, ओझर करत तीस किलोमीटरवर पिंपळगावला गेले. तिथे काका आणि मी एकेक रकाना धरून बसलो. एका पेटीच्या वजनात ४.५ ऐवजी ४,५ टाइप झालं होतं. ते दुरुस्त केलं, फाइल परत चढवली. पुन्हा लाल पट्टी, तेच दोन शब्द. या वेळी एका ओळीत प्लॉट नंबर रिकामा होता. तोही भरला. तिसऱ्यांदा पुन्हा पट्टी. कंटेनर निघायला रात्रीचे दहा वाजून गेले.

उशीर झाला याच्यापेक्षा मला काकांचा चेहरा जास्त लागला. हा माणूस वर्षानुवर्षं वही लिहितोय, पेटीचा हिशेब तोंडपाठ सांगतो. त्या दोन शब्दांपुढे ते म्हणाले, "आम्हाला हे कॉम्प्युटरचं जमत नाही ताई." त्यांना जमत होतं. ज्या क्षणी ती लायब्ररी अडली, त्या क्षणी ओळ कुठली, रकाना कुठला, त्यात अक्षरं कुठली, हे सगळं तिच्या हातात होतं. ते तिने टाकून दिलं आणि फक्त निकाल आमच्यापुढे ठेवला.

पुढच्या सीझनआधी मी तो सगळा भाग पायडँटिकच्या आवृत्ती २ वर नेला. ही आवृत्ती जून २०२३ मध्ये आली, आणि तिचा गाभा रस्ट या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला आहे. पहिली चाचणी त्याच जुन्या फाइलवर घेतली. एकाच फटक्यात तिन्ही चुका समोर आल्या. पहिल्या चुकीशी न थांबता ती सगळी यादी तपासते आणि सापडलेल्या सगळ्या चुका एकाच एररमध्ये बांधून देते. पॅकहाऊसमध्ये याचा अर्थ फार मोठा आहे: काकांना तीनदा फाइल चढवावी लागत नाही, एकदा बसून सगळं दुरुस्त होतं.

आणि प्रत्येक चूक सुटी सुटी मिळते. एररला तपशील विचारला की यादी हातात येते, आणि तिच्यातल्या प्रत्येक नोंदीत चूक कुठल्या प्रकारची, तिची जागा, इंग्रजी वाक्य आणि आलेला मजकूर असे वेगळे कप्पे असतात. स्वल्पविरामवाल्या ओळीचा प्रकार होता 'फ्लोट पार्सिंग', म्हणजे आलेल्या अक्षरांचा दशांशी आकडा बनवता आला नाही. जागा होती ११६ आणि वजनाचा रकाना. मजकूर जसाच्या तसा: ४,५. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायची. लायब्ररी शून्यापासून मोजते आणि एक्सेलमध्ये वर शीर्षकाची ओळ असते, म्हणून काकांना दाखवताना त्यात दोन मिळवायचे. ११६ म्हणजे त्यांच्या पडद्यावरची ओळ ११८.

जिथे मर्यादा ओलांडली असेल तिथे ती मर्यादाही वेगळ्या कप्प्यात येते. पेटीचं वजन दहा किलोच्या वर नको असा नियम मी घातला आहे. कुणी टिंब विसरून ४५ लिहिलं की प्रकार येतो 'लेस दॅन इक्वल' आणि सोबत १० हा आकडा. वाक्यातून तो आकडा खरवडून काढावा लागत नाही.

माझ्यासाठी या लायब्ररीची खरी किंमत इथे आहे. पिंपळगावच्या पडद्यावर इंग्रजी वाक्य कितीही नीट लिहिलेलं असलं तरी काकांच्या कामाचं नाही. मला मराठी वाक्य हवं, आणि ते लायब्ररीने लिहावं अशी माझी अपेक्षाही नाही. तिला द्राक्ष माहीत नाही, प्लॉट माहीत नाही. तिने मला कच्चा माल द्यावा, वाक्य मी करीन. म्हणून मी एक तक्ता केला: डावीकडे चुकीचा प्रकार, उजवीकडे मराठी वाक्य, मधे ओळ, रकाना आणि मजकूर यांच्या रिकाम्या जागा. आता पडद्यावर येतं, "ओळ ११८, वजन: ४,५ असं लिहिलंय. आकडा टिंब देऊन लिहा." प्लॉट नंबर राहिला असेल तर प्रकार 'मिसिंग', आणि त्याचं वाक्य वेगळं. (एक्सेलचा रिकामा चौकोन रिकामी अक्षरं म्हणून पुढे गेला तर तो 'मिसिंग' ठरत नाही. मी वाचतानाच असे रकाने काढून टाकते.)

हीच सवय मला पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये (माहिती साठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) आवडते. तिथेही मुख्य संदेश, तपशील आणि सूचना हे वेगळे असतात. शिवाय प्रत्येक एररला पाच अक्षरी कोड असतो. रकान्यात एकदाच असायला हवी ती नोंद दुसऱ्यांदा आली तर २३५०५. प्रोग्रामने संदेशाचे शब्द न बघता कोड बघावा, असं त्यांच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय, कारण शब्द भाषेनुसार बदलतात, कोड बदलत नाही. मराठी पडद्यासाठी काम करणाऱ्याला याहून उपयोगाचं वाक्य मला माहीत नाही.

पायडँटिकमधला आणखी एक निर्णय मला फार पटला. तपासणीचा स्वतःचा नियम लिहिताना मी व्हॅल्यू एरर, म्हणजे 'हा मजकूर चालणार नाही' असं सांगणारी पायथनची एरर, दिली तर ती माहितीची चूक मानून यादीत जाते. पण टाइप एरर आली तर आवृत्ती २ ती यादीत गुंडाळत नाही, थेट बाहेर येऊ देते. आवृत्ती १ मध्ये तीही गुंडाळली जायची. फरक बारीक दिसतो, पण नीट बघा: मी माझंच फंक्शन चुकीच्या पद्धतीने बोलावलं तर पायथन टाइप एररच देतं. ती चूक माझी. ती माहितीची चूक म्हणून काकांच्या पडद्यावर गेली असती, तर त्यांनी धडधडीत बरोबर असलेली ओळ पुन्हा पुन्हा तपासली असती. चूक माहिती देणाऱ्याची की प्रोग्राम लिहिणाऱ्याची, हे लायब्ररीने मिसळू नये.

आता सांभाळायच्या गोष्टी. एररच्या छापील मजकुरात रकान्यात जे आलं तेही दिसतं. वजनाला ठीक, पण आमच्या एका फाइलमध्ये शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक असतात, आणि एरर लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत, गेली की क्रमांकही लॉगमध्ये जातो. छापील मजकुरातून ते लपवायची सेटिंग आहे, आणि तपशिलाची यादी मागताना आलेला मजकूर वगळताही येतो. दोन्ही वेगवेगळे करावे लागतात, तेव्हा पहिल्याच दिवशी करून टाका. दुसरं, एका रकान्यात दोन-तीन प्रकारचा मजकूर चालेल असं सांगितलं की प्रत्येक प्रकारासाठी वेगळी चूक येते. चूक एक, ओळी तीन. असे रकाने मी ठेवतच नाही.

अर्धा गुण मी कापते तो प्रकारांच्या नावांसाठी. आवृत्ती १ मध्ये जे 'व्हॅल्यू एरर डॉट मिसिंग' होतं ते आवृत्ती २ मध्ये नुसतं 'मिसिंग' झालं, आणि बाकीचीही बरीच नावं बदलली. मी सुरुवातच आवृत्ती २ पासून केली, त्यामुळे मला याची झळ लागली नाही. पण माझ्यासारखा तक्ता ज्यांनी आवृत्ती १ वर बांधला असेल, त्यांना तो पूर्ण नव्याने लिहावा लागणार. वाक्यं हवी तशी बदला, पण ज्या नावांवर दुसऱ्याचा प्रोग्राम उभा आहे ती नावं दगडासारखी असावीत. नवी नावं जास्त सुटसुटीत आहेत हे मान्य करूनही माझे पाचपैकी साडेचार.

यंदा जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात काकांचा फोन आला. लाल पट्टीच्या सवयीने माझ्या पोटात गोळा आला. पण फाइल चढली होती. चार ओळी चुकल्या होत्या, त्यांनी स्वतःच दुरुस्त केल्या होत्या. फोन वेगळ्याच कामाचा होता.

"ताई, ते टिंब म्हणू नका. इथली पोरं पॉइंट म्हणतात. काल एकाने टिंब म्हणून आकड्यावर अनुस्वार शोधला."

मी तक्त्यातली एक ओळ बदलली. फोन ठेवायच्या आत त्यांच्या पडद्यावर 'पॉइंट' आलं होतं.