निळ्या तबकडीचे जुने पियाजे: दोन वर्षांच्या वापरानंतर

नागपुरात धरमपेठेतील एका परिचित कुटुंबाकडून दोन वर्षांपूर्वी घेतलेले, पियाजे या स्विस कंपनीचे हे मनगटी घड्याळ १९७० च्या आसपासचे असून, पांढऱ्या सोन्याची केस, लाजवर्द या निळ्या दगडाची तबकडी आणि तिच्याभोवती ३६ हिऱ्यांचे कडे अशी त्याची घडण आहे. रत्नजडित जुनी घड्याळे जमवू पाहणाऱ्यांना माझा अनुभव उपयोगी पडावा, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

या घड्याळाची खरी थोरवी आतल्या मशीनमध्ये आहे. पियाजेने १९५७ मध्ये आणलेले चावीचे ‘नाइन पी’ हे मशीन अवघे २ मिलिमीटर जाडीचे आहे. मशीन इतके पातळ झाले म्हणूनच धातूच्या पत्र्याऐवजी खऱ्या दगडाची चकती बसवण्यास वर जागा उरली आणि १९६० च्या दशकात लाजवर्द, मॅलकाइट, फिरोजा, व्याघ्रमणी यांच्या तबकड्या करणे या कंपनीला शक्य झाले. माझ्या तबकडीवर ना आकडे आहेत, ना सेकंदकाटा. भिंगातून पाहिले की निळाईत पायराइट या खनिजाचे सोनेरी कण विखुरलेले दिसतात आणि चारच्या जागेजवळ एक पांढुरकी रेघ दिसते. अशा रेघेमुळे काही जण तबकडी दुय्यम मानतात. मला मात्र दगड खाणीतून आल्याची ती खूण वाटते आणि तिच्यामुळेच हे घड्याळ मला अधिक प्रिय आहे.

मागच्या झाकणावर ०.७५० हा, म्हणजे ७५ टक्के सोने असल्याचा, आकडा आणि स्वित्झर्लंडचे प्रतीक असलेल्या हेल्वेशियाच्या स्त्रीमस्तकाची मुद्रा आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९९५ पासून या मुद्रेऐवजी सेंट बर्नार्ड कुत्र्याचे मस्तक उमटवले जाते, त्यामुळे जुन्या म्हणून दाखवलेल्या घड्याळावर ते दिसल्यास घेणाऱ्याने तिथेच थांबावे.

माझी चूक झाली ती हिऱ्यांच्या बाबतीत. घेताना मी सोने, मुद्रा आणि मशीन नीट तपासले. हिरे मात्र नुसते मोजले. पुढे इतवारीतील जडाईच्या एका वयस्क कारागिरांनी भिंग लावून मिनिटभर पाहिले आणि म्हणाले, “यातले दोन मागाहून बसवलेले आहेत.” त्या काळच्या घड्याळांतील बारीक हिऱ्यांना बहुधा साध्या घाटाचे १७ पैलू असत आणि ते मोठ्या, शांत तुकड्यांनी चमकतात, या दोन हिऱ्यांना मात्र आजच्यासारखे ५७ पैलू होते आणि त्यांची चमक चुरचुरीत, विखुरलेली होती. एकदा दाखवून दिल्यावर तो फरक साध्या डोळ्यांनाही जाणवू लागला. संग्राहकाच्या दृष्टीने कारखान्यात जडवलेले हिरे आणि नंतर भरलेले हिरे यांत फार मोठे अंतर आहे, आणि विकणाऱ्यांनाच ही गोष्ट ठाऊक नसल्याने त्यांना दोष देता येत नाही.

त्याआधी एका मोठ्या सराफी दुकानात मला वेगळाच अनुभव आला होता. तिथे घड्याळ थेट वजनकाट्यावर ठेवून सोन्याचा भाव सांगण्यात आला, आणि कडे उजळण्यासाठी ते तबकडीसह अल्ट्रासोनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी सफाई करणाऱ्या, यंत्रात बुडवण्याची तयारीही झाली होती. लाजवर्दाला अशी सफाई मुळीच सोसत नाही. मी वेळीच हात पुढे केला म्हणून घड्याळ वाचले. अशी घड्याळे आटणीत जातात तेव्हा दगडांची जी चकती फेकून दिली जाते ती पुन्हा मिळत नाही, याचे मला मनापासून दुःख होते.

वापराबद्दल सांगायचे तर सकाळी एकदा चावी दिली की दिवस निघतो. दिवसाला मिनिटभर मागे पडते, आणि इतक्या पातळ मशीनकडून माझी त्याहून जास्त अपेक्षा नाही. पाणी आणि घाम यांपासून मात्र त्याला जपावे लागते. नागपुरात पारा ४५ च्या घरात असताना, एप्रिल ते जून, मी ते हाताला लावतच नाही. डिसेंबर-जानेवारीतील लग्नसमारंभांत ते खुलून दिसते.

कारागिरांनी नवे हिरे बसवून सगळे एकसारखे करण्यास नकार दिला आणि मोडीत आलेल्या जुन्या दागिन्यांतून साध्या घाटाचे हिरे शोधण्याचे मान्य केले. त्याला अकरा महिने लागले. एक मिळाला आणि गेल्या दिवाळीत तो बसला. दुसऱ्यासाठी मी अजून दर महिन्याला इतवारीत चौकशी करतो.