वर्म ट्रॅप: ब्रिसलला ठीक, बॉबिटला नाही

रीफ टँकमधले (प्रवाळ असलेली खाऱ्या पाण्याची मासेटाकी) छोटे मासे रात्रीत गायब व्हायला लागले म्हणून हा नळीवाला ट्रॅप घेतला, आत कोळंबीचा तुकडा ठेवायचा, वर्म शिरला की झडप उलटी उघडत नाही. ब्रिसल वर्म (अंगावर बारीक काट्यांचे केस असलेले समुद्री किडे) मस्त अडकतात, पण ते बिचारे उरलंसुरलं खाऊन टँक साफच ठेवतात हो. खरा चोर बॉबिट, म्हणजे बिळात दबा धरून मासे पकडणारा लांबलचक समुद्री किडा! लाल टॉर्चमध्ये दिसला, डोक्यावर पाच मिशा, जबडा सताड उघडा, बाकी अख्खं अंग लाईव्ह रॉकच्या (टँकमधला, सूक्ष्म जीव वसलेला समुद्री दगड) भोकात. ट्रॅपच्या तोंडाशी नुसता चाचपतो आणि झटक्यात परत आत. चिमट्याने ओढू नका प्लीज, तुटला तर आत राहिलेला तुकडा परत वाढू शकतो, सरळ तो दगडच बाहेर काढा. दोन स्टार, तेही झडप पक्की आहे म्हणून.