स्प्लिटहून सालोना आणि क्रका: रोमन अवशेष व धबधब्यांच्या एकदिवसीय सहलीचे परीक्षण

क्रोएशियातील स्प्लिट शहरातून सकाळी निघून सालोना या रोमन नगरीचे अवशेष पाहायचे, दुपारी क्रका राष्ट्रीय उद्यानातील धबधब्यांवर जायचे आणि संध्याकाळी परत यायचे, अशी मार्गदर्शकासह एका दिवसाची सहल तेथील लहानमोठ्या कंपन्या चालवतात. १ जानेवारी २०२३ रोजी क्रोएशिया शेंगेन क्षेत्रात आला आणि त्याच दिवशी तिथे युरो चलनही सुरू झाले. त्यामुळे इटली किंवा ऑस्ट्रियाचा बेत आखणाऱ्या नागपूरकरांना हा देश त्याच व्हिशावर आणि त्याच चलनात जोडून घेता येतो. मी, सौ., माझे थोरले बंधू आणि वहिनी अशा चौघांनी सप्टेंबरमध्ये ही सहल केली. सहल घेण्यासारखी आहे, हे आधीच सांगतो. मात्र जिथे मार्गदर्शकाशिवाय काहीच उमगत नाही तिथे कंपनीने घाई केली आणि जिथे मार्गदर्शकाची फारशी गरज नाही तिथे दिवसाचा मोठा भाग दिला, ही माझी मुख्य तक्रार आहे. कंपनीचे नाव देण्याचे प्रयोजन नाही, कारण आम्ही चाळलेल्या इतर वेळापत्रकांतही वाटणी साधारण अशीच होती.

सालोना स्प्लिटपासून जेमतेम पाच किलोमीटरवर, आजच्या सोलिन गावाला लागून आहे. एके काळी ही डाल्मेशिया या रोमन प्रांताची राजधानी होती. आज तिथे वेलींचे मळे, ऑलिव्हची झाडे, मधूनच भाजीपाल्याचे वाफे आणि त्यांच्यामध्ये गुडघ्याएवढ्या उंचीच्या भिंती दिसतात. वर खिंडीत क्लिसचा किल्ला आहे आणि खाली सोलिनची घरे. रोमन अवशेष म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांपुढे रोमचे कोलोसियम उभे राहते, त्यांची इथे पहिल्या दहा मिनिटांत निराशा होते. आमच्या बंधूंनी तर बसमधून उतरताच, यापेक्षा आपले मनसर काय वाईट, असे म्हणून टाकले. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. रामटेकजवळच्या मनसर येथे उत्खननात निघालेल्या विटांच्या बांधकामांवर उभे राहिले की, वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याची प्रवरपूर ही राजधानी हीच, असे अनेक संशोधक मानतात हे ठाऊक असूनही, कोणी उलगडून सांगितल्याशिवाय आपल्याला फक्त विटाच दिसतात. सालोनातही तसेच आहे. अशा जागेचा सगळा भार सांगणाऱ्यावर असतो.

सुदैवाने आमची मार्गदर्शक पुरातत्त्वशास्त्र शिकलेली तरुणी होती, तिचे इंग्रजी स्वच्छ होते आणि तिला कोठे थांबायचे हे नेमके कळत होते. तिने सुरुवात नगराच्या वेशीपासून न करता तटबंदीबाहेरच्या मानास्तिरिने या स्मशानभूमीपासून केली, आणि संपूर्ण सहलीतील सर्वांत चांगली वीस मिनिटे आम्हाला तिथे मिळाली. सम्राट डायोक्लेशियन याचा जन्म याच परिसरात झाला असे मानतात. वीस वर्षांहून अधिक काळ राज्य करून त्याने इ. स. ३०५ मध्ये आपणहून गादी सोडली आणि समुद्रकाठी बांधून घेतलेल्या प्रचंड राजवाड्यात तो राहायला आला. पुन्हा सत्ता हाती घ्यावी अशी गळ घालणाऱ्यांना त्याने आपण स्वतः लावलेल्या कोबीचे कौतुक ऐकवले, ही कथा स्प्लिटमध्ये पर्यटकाला ऐकावीच लागते. आम्हीही ती ऐकली. परंतु पुढचा भाग फारसे कोणी नीट जोडून सांगत नाही. याच सम्राटाच्या काळात ख्रिस्ती लोकांचा छळ झाला आणि इ. स. ३०४ मध्ये सालोनाचा बिशप दोम्नियस याला मृत्युदंड देण्यात आला. त्याच्या दफनस्थानी भाविक येऊ लागले, आपल्यालाही त्याच्या शेजारीच मूठमाती मिळावी अशी इच्छा धरू लागले, आणि पाहता पाहता तिथे दगडी शवपेटिकांची दाटी होऊन मधोमध बासिलिका, म्हणजे मोठे चर्च, उभी राहिली. सातव्या शतकाच्या पूर्वार्धात अवार आणि स्लाव टोळ्यांपुढे सालोनाचा पाडाव झाला, तेव्हा जीव वाचवून पळालेल्या लोकांनी त्याच सम्राटाच्या ओस पडलेल्या राजवाड्यात आसरा घेतला. त्या राजवाड्याच्या भिंतींच्या आत जुने स्प्लिट आजही नांदते आहे आणि १९७९ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. डायोक्लेशियनच्या समाधीचे मात्र कॅथेड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य चर्च, झाले आणि ते दोम्नियसच्या नावाने ओळखले जाऊ लागले. आदल्या दिवशी आम्ही त्या कॅथेड्रलमध्ये जाऊन आलो होतो आणि आपण कोणाच्या थडग्यात उभे आहोत याची आम्हाला कल्पनाही आली नव्हती. म्हणून एक सूचना इथेच करतो: स्प्लिटचा राजवाडा आधी न पाहता, ही सहल झाल्यावर दुसऱ्या दिवशी पाहावा.

मानास्तिरिनेच्या जवळच तुस्कुलुम नावाचे छोटेसे घर आहे. सालोनाच्या उत्खननासाठी आयुष्य वेचणारे फ्राने बुलिच यांनी ते १८९८ मध्ये अभ्यासकांच्या सोयीसाठी बांधले आणि त्याच्या भिंतींत व बागेत जुने स्तंभ आणि कोरीव दगड बसवून घेतले. आजच्या पुरातत्त्वज्ञांना ही पद्धत मान्य होईल असे वाटत नाही, तरी घर प्रसन्न आहे. १८९४ मध्ये ख्रिस्ती पुरातत्त्वाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद बुलिच यांच्याच पुढाकाराने स्प्लिट व सोलिन येथे भरली होती. या माणसाविषयी अधिक ऐकायला आवडले असते, परंतु इथपर्यंत आलो तोच चालकाचा फोन आला आणि मार्गदर्शक घड्याळाकडे पाहू लागली.

त्यानंतर जे झाले त्याला पाहणे म्हणता येत नाही. नगराची जुनी पूर्व वेस असलेली पोर्टा सीझरिया आम्ही चालता चालता ओलांडली. तिच्याजवळून गेलेल्या जलवाहिनीबद्दल एकच वाक्य वाट्याला आले, आणि वास्तविक या दिवसाचे दोन तुकडे सांधणारा धागा तोच होता. यादरो नदीच्या उगमापासून डायोक्लेशियनच्या राजवाड्यापर्यंत रोमनांनी सुमारे नऊ किलोमीटरचा जलमार्ग बांधला होता, आणि स्प्लिट शहर आजही आपले पाणी त्याच यादरोच्या उगमातून घेते. चुनखडीच्या डोंगरांत मुरलेले पाणी एका जागी उसळून बाहेर येते, रोमन ते उचलून शहराकडे नेतात, आणि तशाच चुनखडीतून वाहणारी दुसरी नदी काही कोसांवर धबधबे घडवते, एवढे जरी सांगितले असते तरी सकाळ आणि दुपार एकमेकींशी बोलू लागल्या असत्या. नगराच्या पश्चिम टोकाला दुसऱ्या शतकातील अँफिथिएटर, म्हणजे खेळ पाहण्याचे गोलाकार खुले प्रेक्षागृह, आहे. त्यात सतरा-अठरा हजार प्रेक्षक बसत असावेत असा अंदाज सांगतात. तुर्कांना त्याचा आडोसा मिळू नये म्हणून व्हेनिसच्या सत्ताधाऱ्यांनी सतराव्या शतकात ते पाडले, त्यामुळे आज फक्त तळाचा भाग शिल्लक आहे. एवढ्या वास्तूसाठी आम्हाला दहा मिनिटे मिळाली, आणि त्यांतली निम्मी छायाचित्रांत गेली. सालोनासाठी एकूण सव्वा तास ठेवला होता. मानास्तिरिनेपासून अँफिथिएटरपर्यंतचे चालणेच एक किलोमीटरच्या वर आहे, हे लक्षात घेता किमान अडीच तास हवेत. वाटेत सावली नाही. नागपूरचा मे महिना सोसणाऱ्यांना तिथल्या उन्हाचे काही वाटणार नाही, पण टोपी आणि पाणी सोबत असू द्यावे.

सालोनाहून स्क्रादिन हा महामार्गावरचा सव्वा-दीड तासाचा प्रवास मिनीबसमधून आरामात होतो. गाडी स्वच्छ होती, वातानुकूलन चांगले होते, चालक शिस्तीचा होता. स्क्रादिनहून उद्यानाच्या बोटीने स्क्रादिन्स्की बुक या मुख्य धबधब्याकडे जायचे असते. स्क्रादिन हे रोमनांचे स्कार्दोना, डाल्मेशियातील एक महत्त्वाचे ठिकाण. ज्या सहलीच्या नावातच रोमन अवशेष आहेत तिच्यात हा उल्लेखही होऊ नये, याचे आश्चर्य वाटले. धक्क्यावर मार्गदर्शकाने तिकिटे हातात दिली, परतीच्या बोटीची वेळ सांगितली आणि पुढचे साडेतीन तास आम्ही आमचे होतो.

धबधब्याबद्दल मात्र एकही वाकडा शब्द लिहिता येणार नाही. चिखलदऱ्याचे किंवा दरेकशाजवळचे हाजरा धबधबे पाहिलेल्या माणसाला पाणी कड्यावरून सरळ कोसळताना पाहण्याची सवय असते. इथे पाणी सतरा पायऱ्यांवरून, झाडाझुडपांतून, आडव्या पसरलेल्या पडद्यासारखे उतरत येते. एकूण उतार ४५.७ मीटरचा आहे, पण तो एका नजरेत कधीच मावत नाही. हे बांध नदीने स्वतःच घातले आहेत, ही गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटली. पाण्यात विरघळलेला चुना, पाणी खळाळून त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून गेला की, शेवाळ आणि जलवनस्पतींवर थराथराने जमतो आणि त्याचा सच्छिद्र दगड होतो. म्हणजे कडा इथे झिजत जाण्याऐवजी वाढतो. लाकडी पुलांची वाट या वाढत्या दगडाला धक्का न लावता सुमारे दोन किलोमीटर फिरवून आणते. वाट सोपी आहे; गुडघ्यांची तक्रार असलेल्या वहिनींनीही ती पूर्ण केली, फक्त पायऱ्या आहेत आणि ओल्या फळ्यांवर पाय घसरतो. जुन्या पाणचक्क्या दुरुस्त करून ठेवल्या आहेत. लोकरीची घोंगडी धुण्यासाठी वाहते पाणी लाकडी हौदात गरगर फिरवण्याची सोय पाहून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे तर वॉशिंग मशीनच की!"

धबधब्याच्या पायथ्याशी यारुगा जलविद्युत केंद्राचे अवशेष आहेत. पर्यटक त्यांच्याकडे पाठ करून छायाचित्रे काढतात. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या धुरांड्यांशेजारी ज्याची सारी नोकरी झाली, त्या माझ्यासारख्याने मात्र इथे बराच वेळ काढला. २८ ऑगस्ट १८९५ रोजी, नायगाराच्या केंद्रानंतर अवघ्या दोन दिवसांनी, हे केंद्र सुरू झाले आणि अकरा किलोमीटरवरील शिबेनिक शहराच्या रस्त्यांवर प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहाचे दिवे लागले. शिबेनिकचे महापौर आन्ते शुपुक यांचा त्यात पुढाकार होता. पहिल्या महायुद्धात त्याची यंत्रसामग्री लष्कराने काढून नेली. १९०३ मध्ये जवळच बांधलेले दुसरे केंद्र अजून वीज देते. हे सगळे फलकांवर वाचायला मिळते, म्हणूनच मी म्हणतो की इथे सोबत कोणी नसले तरी चालते.

कंपनीच्या जाहिरातीतील एका गोष्टीवर बोट ठेवायलाच हवे. स्क्रादिन्स्की बुक येथे पोहण्यास १ जानेवारी २०२१ पासून बंदी आहे, आणि दगड घडण्याची प्रक्रिया इतकी नाजूक असताना ती योग्यच आहे. तरीही सहलीच्या पानावर धबधब्याखाली डुंबणाऱ्या लोकांचे छायाचित्र होते आणि आमच्या बसमधील एक कुटुंब पोहण्याचे कपडे घेऊन आले होते. त्यांची मुले दिवसभर रुसून बसली. दुसरी गोष्ट, उद्यानाचे प्रवेशशुल्क सहलीच्या किमतीत धरलेले नव्हते आणि ते कळले बसमध्ये बसल्यावर. हे शुल्क हंगामानुसार बदलते, उन्हाळ्यात ते सर्वाधिक असते आणि एप्रिल, मे किंवा ऑक्टोबरमध्ये बरेच कमी. चार माणसांच्या हिशेबात हा फरक लहान नाही. उद्यानात एका वेळी किती जणांना सोडायचे यावरही मर्यादा आहे, तेव्हा गर्दीच्या दिवसांत तिकीट आधीच काढलेले बरे.

जेवणाची सोय ज्याने त्याने करायची होती. स्क्रादिनची ख्याती तिथल्या रिसोत्तो या भाताच्या प्रकारासाठी आहे. तो तासन् तास मंद आचेवर शिजवतात, परंतु त्यात वासराचे मांस असते, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांसाठी प्रश्नच मिटतो. सावजी रश्श्याला सरावलेल्या जिभेला तिथले सगळेच सौम्य लागेल. शाकाहारी मंडळींना बटाटे घालून केलेली हिरवी पालेभाजी, भाजलेल्या भाज्या, पाव आणि चीज सहज मिळते. चीजच्या ताटलीत डुकराच्या मांसाचे पातळ काप ठेवण्याची तिथे पद्धत आहे, म्हणून मागवतानाच स्पष्ट सांगावे. आम्ही सोबत नेलेल्या चिवड्याने दुपार निभावली.

पाच पैकी गुण द्यायचे तर मार्गदर्शकाला साडेचार, वाहनाला चार आणि वेळापत्रकाला दोन देईन. ज्यांना इतिहासात रस नाही त्यांनी ही सहल न घेता नुसत्या क्रकाच्या बसने जावे, पैसे वाचतील. ज्यांना आहे त्यांनी सालोनासाठी वेगळा मार्गदर्शक अर्ध्या दिवसाकरिता ठरवावा. स्प्लिटहून सोलिनला शहरबस जाते. आणि चार-सहा जणांचा गट असेल तर आणखी एक मागणी करता येते. क्रका उद्यानाच्याच उत्तर भागात बुर्नुम हे रोमन सैन्याचे ठाणे आहे, जिथे अकराव्या लिजनचा (रोमन सैन्याच्या मोठ्या तुकडीचा) मुक्काम होता. तिथल्या दोन कमानी अजून उभ्या आहेत आणि सैनिकांचे अँफिथिएटरही उत्खननात मोकळे केलेले आहे. धबधबे आणि अवशेष एकाच नदीकाठी असताना ही सहल तिकडे फिरकत नाही. परतीच्या वाटेवर आम्ही विचारले, तेव्हा स्वतंत्र गाडी घेतल्यास नेता येईल आणि वाढीव आकार गाडीमागे लागेल, माणशी नाही, असे उत्तर मिळाले. नागपूरहून एकत्र जाणाऱ्यांनी हा दर नोंदणीच्या वेळीच, प्रवेशशुल्क धरून की सोडून हे स्पष्ट करून, लेखी मागून घ्यावा.