जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र: पावणेदोन वर्षांच्या फेऱ्यांनंतरचा अभिप्राय

आमची मुलगी जन्मल्याबरोबर रडली नाही, दुसऱ्या दिवशी तिला फिट आली आणि नवजात शिशू कक्षातील अकरा दिवसांनंतर आम्हाला जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे मुलांचे आजार व विकासातील अडचणी लवकर ओळखण्याच्या केंद्राकडे, पाठवण्यात आले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून २०१३ पासून उभ्या राहिलेल्या या केंद्रांत तपासणी मोफत असते.

डिस्चार्ज कार्डावर ‘बाळ उशिरा रडले’ एवढेच लिहिलेले होते. डॉक्टरांनी आम्हाला प्रसूतिगृहात परत पाठवून पाचव्या मिनिटाचा अपगार गुणांक आणायला लावला; तो दहापैकी ४ निघाला. श्वास, नाडी, स्नायूंची ताकद, प्रतिसाद आणि रंग यांवरून दिला जाणारा हा आकडा कमी असला, जन्मतः मेंदूला प्राणवायू कमी पडला किंवा पहिल्या दिवसांत रक्तातील साखर फार उतरली, तर पुढे अपस्माराची, म्हणजे वारंवार फिट येण्याच्या आजाराची, शक्यता वाढते. तरीही अशा बहुतेक मुलांना अपस्मार होत नाही, हे त्यांनी घाई न करता समजावले. फिनोबार्बिटोन हे फिटवरचे औषध बंद केल्याची आमच्या मनात धास्ती होती. ते चालू ठेवल्याने पुढचा धोका टळत नाही, हेही तेव्हाच कळले.

या केंद्राचे सर्वांत मोठे देणे म्हणजे ‘इन्फंटाइल स्पॅझम’ या तान्ह्या बाळांच्या गंभीर अपस्माराचे पालकांना दाखवले जाणारे व्हिडिओ. तीन ते बारा महिन्यांच्या वयात, विशेषतः झोपेतून उठल्यावर, बाळ मान झुकवून हात आखडते आणि असे झटके ओळीने येतात, तेव्हा घरची माणसे ते दचकणे किंवा पोटदुखी समजतात, आणि नेमका तिथेच मोलाचा वेळ जातो. पाचव्या महिन्यात आम्हाला तसे काहीसे दिसले, तेव्हा चित्रण करून नेल्यावर त्याच दिवशी तपासणी झाली.

ईईजीची, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींच्या तपासणीची, सोय मात्र केंद्रात नाही. दूरच्या सरकारी रुग्णालयात एकोणीस दिवसांनंतरची तारीख मिळाली, आणि या आजाराच्या संशयात एवढी प्रतीक्षा मला अक्षम्य वाटते. आम्ही खासगीत पैसे भरून तपासणी केली व ती निर्दोष आली. ज्यांना ते परवडत नाही त्यांच्या बाळांचे काय, हा प्रश्न मी केंद्राच्या तक्रारवहीत लिहून आलो आहे.

अपस्मार काही वर्षांनीही सुरू होऊ शकतो आणि तेव्हा कोणताही डॉक्टर आधी जन्मवेळची हकिगत विचारेल, म्हणून अपगारचा तो कागद लसीकरणाच्या कार्डाला जोडून ठेवायला परिचारिकाताईंनी सांगितले आहे.