अंपायर पॅनलचा रिव्ह्यू: हलणाऱ्या बॅट्समनला फुकटचा वाईड नाही

देवगड तालुक्यात आमच्या वाडीच्या मंडळाची सहा ओव्हरची टेनिस बॉल टूर्नामेंट असते, सड्यावरच्या (म्हणजे कातळाच्या मोकळ्या पठारावरच्या) ग्राऊंडवर. यंदा बाहेरून अंपायर पॅनल बोलावलं होतं, अंपायर, स्कोअरर, मोबाईलवर लाईव्ह स्कोअर सगळं त्यांचंच. नाव टाकत नाही कारण तक्रारी पण लिहायच्यात, पण ज्यांना टूर्नामेंट घ्यायचीय त्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहितोय.

गावातलंच कोणीतरी अंपायर म्हणून उभं राहायचं तेव्हा सगळ्यात जास्त भांडणं वाईडवरून, म्हणजे बॅट्समनच्या आवाक्याबाहेरून गेलेल्या बॉलवरून. बॉलर रनअपमध्ये असतानाच बॅट्समन ऑफला (बॅटच्या बाजूला) सरकणार, बॉल त्याच्या मागून लेगला (पायांमागच्या बाजूला) जाणार आणि अंपायर हात पसरून मोकळा. अरे पण तो जागेवर राहिला असता तर बॉल सरळ पायावर होता ना! सहा ओव्हर म्हणजे 36 बॉल, त्यात वाईडचा एक रन आणि वर एक बॉल जादा, शेवटच्या ओव्हरला असे दोन दिले की मॅच गेलीच समजा.

या लोकांनी पहिल्या मॅचच्या आधीच सगळ्या कॅप्टनना पिचवर नेऊन रेघा दाखवल्या, हे मला फार आवडलं. ऑफला मिडल स्टंपपासून 35 इंचावर वाईडची लाईन, आणि लेगला मिडल स्टंपपासून 12 इंचावर फक्कीची (पांढऱ्या पावडरची) अजून एक रेघ, थेट पॉपिंग क्रीजपर्यंत, म्हणजे बॅट्समनच्या पुढच्या आडव्या रेघेपर्यंत. लेग स्टंपच्या बाहेर साडेसात इंच झाले. उभ्या बॅट्समनला लेगबाहेरून गेला तर नेहमीसारखा वाईड, त्यात माफी नाही, पण बॅट्समन ऑफला सरकला आणि बॉल त्याच्या मागून लेग स्टंप आणि त्या रेघेच्या मधून गेला तर वाईड नाही. रेघेच्या बाहेरून गेला तर सरकला असला तरी वाईड.

हे त्यांच्या मनचं नाही. 2025 मध्ये आयसीसीने वनडे आणि टी-20 साठी ट्रायल म्हणून हेच आणलं, बॉल सुटताना बॅट्समनचे पाय कुठे होते ते धरायचं आणि पिचच्या प्रोटेक्टेड एरियाची (मधला पट्टा, ज्यावर बॉलरने धावायचं नसतं) खूण पुढे क्रीजपर्यंत ओढायची. साऊथ आफ्रिकेचा जुना फास्ट बॉलर शॉन पोलॉक त्याच वर्षी जानेवारीत यावर बोलला होता, त्याचा पण मुद्दा हाच की बॅट्समन ऐनवेळी उड्या मारणार तर बॉलरने करायचं काय. आणि क्रिकेटचे मूळ नियम बनवणाऱ्या एमसीसीच्या नियमात तर ऑक्टोबर 2022 पासून आहे की बॉलरने रनअप चालू केल्यापासून बॅट्समन जिथे जिथे उभा राहिला ते सगळं बघायचं. मला हे शंभर टक्के पटतं. बॅट्समनला सरकायची पूर्ण मोकळीक आहे, स्कूप मारू दे, पॅडल मारू दे, असले मागे वळवायचे शॉट लोकांना ते बघायला आवडतं, मला पण आवडतं, पण चुकला तर रिस्क त्याची, त्याचा रन बॉलरच्या नावावर का?

सेमीफायनलला एक बॉल असा पडला की सगळं ग्राऊंड उभं राहिलं. मुंबईहून आलेल्या टीमचा बॅट्समन, लास्ट ओव्हर, हा पार ऑफ स्टंपच्या बाहेर जाऊन बसला, बॉल त्याच्या मागून लेग स्टंपला थोडक्यात चुकवून गेला, कीपरने आडवं पडून धरला. त्यांची सगळी पोरं 'वाईड वाईड' ओरडतायत आणि इकडून आमचा पॉइंटवरचा पोरगा, "ओ अंपायर, तो हल्लो म्हणान वाईड दिसता!" अंपायरने हात खालीच ठेवले, कीपरच्या पुढे आला, बुटाच्या टोकाने रेघ दाखवली आणि परत जागेवर गेला. कॅप्टनला सकाळी दाखवलेलं होतं त्यामुळे तो पण गप्प. आमच्याकडे सेमीला असं शांत कधी झालेलं नाही हो.

आता तक्रारी. दुसरा अंपायर नवीन होता, त्याने लीग मॅचमध्ये उलटी गडबड केली. बॅट्समन जागा करायला लेगला पळाला, बॉल ऑफच्या लाईनच्या चांगला आतून गेला, तरी लांब दिसतोय म्हणून वाईड दिला. तो स्वतःच लांब गेला ना! सिनियरने इनिंग संपल्यावर समजावलं आणि पुढे तसं झालं नाही, पण त्या बॉलरचा रन गेला तो गेलाच. दुसरं, रेघा राईट हँडरच्याच मारलेल्या, लेफ्टी आला की अंदाजपंचे चाललं होतं, आणि लेफ्टी तर प्रत्येक टीममध्ये असतोच. शिवाय दुपारनंतर सड्यावर समुद्राचा वारा सुटतो, फक्की उडते, एका मॅचला तर लेगची रेघ दिसतच नव्हती, आम्ही सांगितल्यावर मारली. हे त्यांचं त्यांनी बघायला हवं.

मानधन इतरांपेक्षा जास्त घेतात, जेवण आणि जायची यायची गाडी आपली. स्कोअरिंग ठीक, रेंज गेली की लाईव्ह अडकतं, तो सड्याचा प्रॉब्लेम आहे. पाचपैकी चार स्टार. पुढच्या वर्षी यांनाच बोलवायचं मंडळात ठरलंय, फक्त बुकिंग करतानाच सांगणार की रेघा दोन्ही बाजूंना हव्यात आणि प्रत्येक इनिंगच्या आधी नव्याने मारायच्या, फक्कीची गोणी मंडळ देईल.