केशेल: कॅल्शियमपुरतं तरी पैसा वसूल (फुकट आहे, तरीही)

नोरिताका शिमिझूंनी टोकियोत असताना लिहिलेलं हे शेल मॉडेलचं (अणुकेंद्रकातले प्रोटॉन-न्यूट्रॉन कवचांत बसतात असं धरून त्याच्या ऊर्जापातळ्या काढायच्या पद्धतीचं) सॉफ्टवेअर मी पीएचडीसाठी वर्षभर वापरतेय. फोरट्रानमध्ये लिहिलेलं, पण सुरुवातीला पायथनची स्क्रिप्ट एकेक प्रश्न विचारत जाते. पहिल्या दिवशी मी कॅल्शियम-48 साठी सरळ 20 प्रोटॉन आणि 28 न्यूट्रॉन टाकले आणि आपटले. कॅल्शियम-40 हा गाभा गोठवलेला असतो (त्यातले 20 प्रोटॉन, 20 न्यूट्रॉन हलत नाहीत असं धरतात), तेव्हा मोजायचे फक्त वरचे 8 न्यूट्रॉन. म्हणजे 0 आणि 8. चूक माझीच!

सोडवायचं मॅट्रिक्स जेमतेम 12 हजार ओळींचं, चहा गाळेपर्यंत लॅपटॉपवर उत्तर हजर. (निकेल-56 ला हेच 100 कोटींच्या वर जातं, तिथे लॅपटॉपला हात जोडा.)

कॅल्शियम-48 ची पहिली 2+ पातळी (स्पिन 2 असलेली उत्तेजित अवस्था) प्रयोगात 3.83 एमईव्ही (ऊर्जेचं एकक), कॅल्शियम-54 ची 2.04, ही दुसरी जपानच्या रिकेन या संशोधन संस्थेत 2013 साली मोजली. 54 ला मात्र परस्परक्रियेची (प्रोटॉन-न्यूट्रॉनमधल्या बलाची) फाइल बदलली की उत्तरही बदलतं. दोष सॉफ्टवेअरचा नव्हे, फाइल निवडणाऱ्याचा. आणि कॅल्शियम-40 व 48 च्या विद्युतभाराच्या त्रिज्या जवळपास सारख्या का, हे याला विचारू नका. गाभाच गोठवलाय, तो काय सांगणार?

पाचपैकी साडेचार.